चार वाजताची भिंत

"मॅडम, भिंत कलेजीसारखी दिसतेय. रविवारी पेंटर पाठवा आणि क्रीम मारून टाका."

फोनवर सावंत होते, बोळिंजमधल्या एका टू बीएचकेचे मालक. त्यांच्या हॉलच्या एका भिंतीला डार्क टेराकोटा लावून चार दिवसही झाले नव्हते. टेराकोटा म्हणजे भाजलेल्या कौलाचा रंग. हल्ली तो सगळ्यांना हवा असतो, कारण मोबाईलवर तो फार छान दिसतो. मोबाईलवर मीही छान दिसते.

चूक कुठे झाली ते मला आधी कळेना. सॅम्पल पॅच मारला होता. म्हणजे भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवायचा आणि तो पसंत पडला की मगच पूर्ण भिंत करायची. त्याचा फोटो मी सावंतांना पाठवला, त्यांनी ऑफिसातूनच अप्रूव्ह केला आणि लगेच काम सुरू झालं. फोटो मी दुपारी चारला काढला होता.

इथेच मी माती खाल्ली. सावंत नवराबायको सकाळी साडेसहाला अंधेरीच्या ऑफिसला निघतात ते रात्री आठला परततात. आठ वाजता पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली हा रंग खरंच कलेजीसारखा दिसतो. वीस वर्षं इंटिरियरच्या धंद्यात असून हे डोक्यात आलं नाही, याची मला लाज वाटली.

गडद रंगावर क्रीम मारणं सोपं नसतं. घासा, प्रायमर लावा, तीन हात मारा, तरी खालचा लाल डोकावतोच. मापं घ्यायला मी शुक्रवारी दुपारी गेले. दार सावंतांच्या वडिलांनी, अप्पांनी उघडलं. आई गेल्यावर सावंतांनी त्यांना मालवणहून इकडे आणलं, त्याला सहा महिने झाले होते. त्यांची भरलेली बॅग कायम दाराशी असायची. शू रॅकसाठी ती हलवू का, असं मी मागे विचारलं होतं. राहू द्या, ते रोज उद्या गावी जाणार असतात, असं सूनबाई म्हणाल्या होत्या.

एरवी दाराकडे तोंड असलेली अप्पांची खुर्ची त्या दिवशी भिंतीकडे वळलेली होती. भिंतीवर चारचं ऊन आलं होतं. मी टेप काढली.

"बाय, ह्यो रंग पुसू नको," अप्पा म्हणाले. "ऊन इला काय आमच्या घराचो चिरो असोच दिसता."

चिरा म्हणजे जांभा दगड. त्यांच्याकडची घरं त्याचीच असतात. मी टेप परत पर्समध्ये टाकली.

सावंतांना फोन केला. अप्पा काय म्हणाले ते सांगितलं नाही. उद्या शनिवार आहे, चार वाजता भिंत एकदा स्वतः बघा आणि मग सांगा, एवढंच म्हटलं. ते वैतागले, पण थांबले. शनिवारी मीही गेले. ते स्टूल घेऊन वडिलांच्या शेजारी बसले.

"अप्पा, ही आपली पडवी," सावंत म्हणाले.

"मगे?" अप्पा म्हणाले.

पेंटर रद्द झाला. ट्यूब काढून आम्ही पिवळे दिवे लावले. तरी रात्री भिंत थोडी कलेजीसारखी दिसतेच, असं सावंतांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. दिवे लावायला मी गेले तेव्हा अप्पांनी मला विचारलं, माळ्यावर बॅग मावेल का. मावली.

माझ्या अप्रूव्हल फॉर्मवर पूर्वी क्लायंटची एकच सही असायची. आता दोन असतात. दुसरी, दिवसभर घरात असणाऱ्या माणसाची.