बाबांच्या डोळ्यांतले थेंब

रेटिनाची फेलोशिप करताना डोळ्याच्या मागचा पडदा बघायला माझा हात काही बसेना. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आधी घरच्यांचे डोळे बघा." मीही पेटले. दर रविवारी अंबरनाथच्या घरी बाबांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, डोक्याला दिवा बांधायचा, हातात भिंग धरायचं आणि दिसेल तो पडदा रंगीत पेन्सिलींनी वहीत काढायचा. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. मलाच दटावायचे, "ड्रॉइंग चुकलं की जॉब रिजेक्ट!"

थेंब घातले की तीन-चार तास त्यांना ना पेपर वाचता यायचा, ना मोबाइल. मग ते ओट्याजवळ स्टूल टाकून आईशी गप्पा मारत मटार सोलायचे. आई मात्र माझ्यावर करवादायची, "किती छळशील त्यांना!"

फेलोशिप संपली. "आता तुझ्या नवऱ्याची सुटका," मी आईला सांगितलं. बॅग भरताना थेंबांची बाटली मिळेना. शेवटी सापडली मसाल्याच्या डब्यामागे. मी उचलली, तर आईनं हात धरला.

"राहू दे की. परवा रविवार आहे."