आंब्यांसाठी माडीवरून

मी आमच्या माडीवरून पडलो तो केवळ आंब्यांच्या हितासाठी.

आदल्या वर्षी मुंबईला धाडलेल्या पेट्यांतला निम्मा हापूस वाटेतच चेचला गेला होता. पडावातून, म्हणजे होडीतून, आगबोटीवर चढवताना हमाल पेट्या आपटायचे. वडील म्हणाले, "हमालांना सांगून पाहू." पण मी शाळेत शास्त्र शिकवत होतो (इंग्रजी तिसरीला!). पेटीत काय भरलं म्हणजे आंबा वाचतो, ते माडीवरून पेट्या टाकूनच बघायचं, असं मी ठरवलं.

पहिल्या पेटीत भाताचा पेंढा भरला. पेटी अंगणात धाडकन आपटली. उघडली तर आमरस! दुसरीत काथ्या भरला. पुन्हा आमरस.

"चालू दे तुझं," अण्णा, म्हणजे वडील, बोटं चाटत म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी खाली परात ठेव."

मग मला सुचला सावरीचा कापूस. केवढा हलका, केवढा मऊ! घरात तो एकाच ठिकाणी होता: बायकोच्या माहेरून आलेल्या उशीत.

"इंदू, तुझी उशी दे जरा."

"आत्ता भर दुपारी निजताय?"

"मी नाही, आंबे."

"उशी फाडलीत तर मी माहेरी जाईन हो," असं बजावून ती अंगणातली आंबापोळीची ताटं उन्हात सरकवायला गेली.

मी उशी फाडली. पेटी भरून घाईघाईनं फळी ठोकली, त्यात एक खिळा अर्धा बाहेर राहिला. कठड्यावरून पेटी ढकलली आणि खिळ्यात अडकलेलं माझं धोतर तिच्यामागून निघालं. धोतरात मी होतो!

वाटेत कुठेतरी मी पेटीच्या पुढे गेलो. गोठ्यापुढच्या पेंढ्याच्या ढिगावर आधी मी पडलो, मग माझ्या पोटावर पेटी. फळी उडाली, कापूस वाऱ्यावर गेला आणि नेमका ओल्या आंबापोळीवर उतरला. ताटांना लोकर फुटली.

इंदू धावत आली. "अहो, लागलं का फार?"

"पाय..." मी कण्हलो.

"पाय आहेत दोन्ही. माझी उशी कुठाय?"

अण्णा पेटीवर वाकले होते. एकेक आंबा दाबून, हुंगून त्यांनी बाजूला ठेवला. "सगळे शाबूत!"

मी दुखणंच विसरलो. "बघा, सावरीनं वाचवले की नाही?"

"कसली सावर? तुझ्या पोटानं वाचवले," अण्णा म्हणाले. "पण दर पेटीखाली तुला अंथरायचं कसं, एवढं सांग."