पट्ट्यांमधले काका

समुद्रपूरच्या बाजारात रेघारेघांच्या प्लास्टिकखाली हलती चित्रं बनवणारा तो माणूस मला बघताक्षणी भामटा वाटला. समोरच्याकडे तो सरळ पाहतच नसे. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे! शेजारच्या काकूंनी स्वतःच्या फोटोसोबत वारलेल्या काकांचा एकुलता एक फोटो त्याला दिला, तर त्यानं ब्लेडनं त्याच्या पट्ट्याच केल्या.

"मेल्या, काऊन कापून राह्यला?" काकू किंचाळल्या. मी बाह्या सरसावल्या.

त्यानं काकांच्या पट्ट्यांच्या मधेमधे काकूंच्या फोटोच्या पट्ट्या चिकटवून वर प्लास्टिक बसवलं. डावीकडून काका, उजवीकडून काकू!

"मले दोघं संगं पाह्यजे होते."

"मंग मंधात उभी राह्यजो, माय."

काकू मधोमध सरकल्या आणि चक्क लाजल्या.

अजूनही त्यांच्या भिंतीवरून काका माझ्याकडे, मी त्या भामट्याकडे जसं संशयानं पाहिलं होतं, अगदी तसंच पाहतात.