आधीच सरकवलेला डबा

समुपदेशक बाईंचा हात एकोणीस वर्षांत चांगलाच सरावला होता. समोरच्याचा आवाज जरा कापला, की टेबलावरचा टिशूचा डबा आपोआप पुढे सरकायचा. मंगळवारीही तो सरकला. समोरची शिक्षिका बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "बाई, मी हसतेय! बदली रद्द झाली माझी."

बाईंनी माफी मागितली आणि तास पूर्ण केला. कानावर सगळं पडत होतं, आत मात्र काही पोचत नव्हतं.

या कामात ऐकणाऱ्याचंही कुणीतरी ऐकावं लागतं, नाहीतर आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. म्हणून बाई दर महिन्याला एका ज्येष्ठ समुपदेशिकेकडे जात, झालेलं काम तपासून घ्यायला. त्या इतक्या कडक, की पाठीमागे त्यांना सगळे सासूबाई म्हणत. त्यांना बाईंनी डब्याचं सांगितलं, दूध आणायचं राहिलं हे सांगावं तसं.

"कधीपासून हे असं?"

"आई गेली तेव्हापासून. चौथ्या दिवशी कामावर होते मी. लोकांच्या वेळा दिलेल्या होत्या ना."

"आता महिनाभर कुणालाही समोर बसवायचं नाही. तुझी माणसं मी बघते, त्यांना विचारून."

बाईंनी मान डोलावली. त्याचंही वाईट वाटलं नाही. मग सासूबाईंनी आपला टिशूचा डबा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"मी रडत नाहीये."

"दिसतंय ना मला. म्हणूनच ठेवलाय."