मावशीला मी बाकावरून उठवलं

"हिला जरा लांब बसवा ना. नुसता पदर लावलाय तोंडाला."

नाशिकच्या गंगापूर रोडहून गाडीनं आलेल्या बाई मला म्हणाल्या. बाकावर माझी मावशी बसली होती. आईची सख्खी बहीण. बाईंनी पर्समधून सॅनिटायझर काढलं, बाकावर मारलं. मग मावशीच्या पायांवरही.

सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या आरोग्य केंद्रात मी शिपाई. म्हणालो, "आजी, उठा. बाहेर बसा."

आजी म्हणालो. मावशी नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळख न दाखवता उठली.

"तुम्ही यांच्यातले वाटत नाही हो," बाई म्हणाल्या.

मी हसलो. मला बरं वाटलं. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

लशीची वेळ तेव्हा मोबाईलवर घ्यावी लागायची. पाड्यावर रेंज नाही. नाशिकची माणसं घरात बसून आमच्या केंद्रातल्या वेळा घ्यायची आणि गाड्या काढून वर यायची. टोचून झालं की फोटो काढायची, मागे आमचा डोंगर. मावशी पहाटे निघून चालत आली होती. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, "संपली." ती तशीच परत गेली.

पुढं लस उरायला लागली, तेव्हा आम्हाला पाड्यावर पाठवलं. एकही दार उघडेना. मावशी ओट्यावर नागली पाखडत होती.

"काय रं सायब, गाडीवाल्यांची झाली का टोचून? आता उरलीसुरली आमाला?"

"मावशी, घे गं. लय माणसं मरतायत."

"तवा मी आजी व्हते ना तुझी?"

सूप थांबलं नाही. मी वहीत तिच्या नावापुढं लिहिलं: गैरसमज. सगळ्या पाड्यापुढं तेच लिहिलं. साहेबांना तेच हवं होतं.

भात लावणीत तिला दम लागला. तालुक्याला नेताना जीपमध्येच गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं.

नंतर नाशिकला बैठक झाली. मोठे साहेब म्हणाले, "आदिवासी भागात लस का घेत नाहीत? अंधश्रद्धा. हे आपले शिपाई तिथलेच. सांगा हो, काय काय समजुती आहेत."

सगळे हसायच्या तयारीत होते. मी उभा राहिलो.

"समजूत काही नाही साहेब. माझी मावशी आली होती लस घ्यायला. मी हाकललं तिला. तुमच्या गाडीवाल्यांसाठी. वहीत लिहिलं ते खोटं आहे."

"बसा. तो विषय नाही."

"तोच विषय आहे."

मला नोटीस आली. खुलासा मागितला. मी चार ओळींत लिहून दिलं, खाली सही केली. माफी मागितली नाही. जिची मागायची ती उरली नाही.

पुन्हा साथ येईल. त्या दिवशी केंद्राच्या दारात मीच उभा असेन. चालत आलेलं माणूस आधी आत जाईल, गाडीवाला उन्हात थांबेल. नोकरी घ्यायची तर घ्या. दारातून मी हलणार नाही.