बंद पिशवीतली चवळी

शेंगाताईंचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. एकर-अर्ध्या एकरवाल्यांच्या बांधावर उभं राहून "मक्याच्या ओळींमधे चवळी लावा, जमिनीलाही खत आणि घरालाही डाळ" हे सांगण्यात त्यांची निम्मी हयात गेली, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

चवळी यायची छान. रडगाणं सुरू व्हायचं ते काढणीनंतर. बघता बघता दाण्याला भुंगा लागायचा. त्या धास्तीनं लोक येईल त्या भावाला चवळी विकून मोकळे व्हायचे आणि पेरणीच्या तोंडावर तेच बियाणं चढ्या भावानं घ्यायचे. शेवटी ताईंच्या बचत गटातल्या बायकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, या खेपेला बियाणं टिकलं नाही, तर चवळी बंद. नुसता मका."

म्हणून ताईंनी जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या आणल्या. औषध नाही, पावडर नाही. कडक वाळलेली चवळी गच्च भरायची, तोंड पिळून दोरीनं आवळायचं. हवा मिळाली नाही की किडा आतच मरतो. अट एकच, पेरणीपर्यंत उघडायची नाही. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोपेतसुद्धा पिशवीच बांधतेस तू."

पेरणी जवळ आली, तशा बायका पिशव्या घेऊन ताईंच्या ओसरीवर जमल्या. आधी मोठ्या काकूंची पिशवी सोडली. तोंडाशीच भुंगे चालत होते.

"मधे उघडली होती का, काकू?"

"छे गं. नुसतं तोंड सोडून हात घालून बघत होते. उघडली नाही."

दुसरीनं नणंदेला दाखवायला सोडली होती. तिसरीनं भाजीपुरती वाटीभर काढली होती, "पण लगेच बांधली हो." ताई प्रत्येक पिशवीत हात घालत होत्या आणि हाताला किडक्या दाण्यांचं पीठ लागत होतं. डोकं भणाणून गेलं. तरी मनात देवाचं नाव घेऊन त्यांनी स्वतःची पिशवी पुढे ओढली. निदान एवढी तरी.

तीही पोखरलेली.

"मागच्या शनिवारी इतके नव्हते," दारातून सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी वळून पाहिलं. "आई, तुम्ही उघडत होतात?"

"दर शनिवारी. तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

ताईंनी पोखरलेली पिशवी बाजूला सारली.

उरली ती निवांत. केर काढायलाही तिला कंटाळा, म्हणून हे नाव. ती पिशवी आणायचीच विसरली होती. तिला घरी पिटाळलं, तेव्हा जुन्या पोत्यांच्या ढिगाखालून तिनं ती ओढून आणली. गाठीवर धूळ बसलेली. ताईंनी दोरी सोडली, मूठभर दाणे ताटात टाकले. टणटण वाजले. एकालाही भोक नाही.

"हिच्या हाताला गुण आहे बाई," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, तिनं हातच लावला नाही," ताई जवळजवळ रडकुंडीला आल्या. "म्हणून तर टिकलं."

"तेच म्हणते मी. असतो एकेकीच्या हाताला गुण."

ताईंनी नाद सोडला. निवांतनं बियाणं सगळ्यांना वाटून घ्यायला सांगितलं. थोड्या थोड्या ओळी तरी प्रत्येकीच्या होणार होत्या, आणि चवळी बंद करायचं कुणी बोलेना. जाता जाता काकूंनी ठरवूनच टाकलं, "पुढच्या वर्षी सगळ्यांच्या पिशव्या हिच्याकडे."

"नको गं बाई," निवांत म्हणाली. "रोज उठून बघायला याल."

"रोज कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी."

उरलेल्या बियाण्याच्या पिशवीचं तोंड ताईंनी पुन्हा पिळलं आणि या वेळी दोरीला तीन गाठी मारल्या.