मंगळवार-गुरुवारचा वर्ग

डीलिया स्लोन माझ्या खिडकीशी पहिल्यांदा आली ती फुटलेल्या काचनळीचे तुकडे टॉवेलात गुंडाळून. बाकीची पोरं फुटलेलं सामान कचऱ्यात लपवतात, नवीन मागतात आणि वर मलाच ऐकवतात की आधीपासून तडा होता. ही म्हणाली, "मिस ओपल, माझ्याच हातून फुटली." सव्वीस वर्षं मी या कॉलेजात रसायनशास्त्राचं स्टोअर सांभाळते आहे. असं सरळ सांगणारी ती तिसरी किंवा चौथी असेल.

डॉक्टर व्हायचं म्हणून येणारी पोरं मला लांबून ओळखू येतात. पहिल्या वर्षी चाळीस असतात, सेंद्रिय रसायनाचा वर्ग संपेपर्यंत आठ-नऊ उरतात. बाकीच्यांना अचानक शाळेत शिकवायची आवड निर्माण होते. मी त्यांची भरपूर थट्टा करते. डीलियाची मात्र कधी केली नाही, कारण तिला डॉक्टर का व्हायचंय हे मला विचारावं लागलं नव्हतं. आमच्या केंटकीच्या डोंगरात, तिच्या खोऱ्यातली खाण बंद पडली आणि पाठोपाठ दवाखानाही. साध्या खोकल्यासाठीसुद्धा तासभर गाडी हाकावी लागते. तिचे वडील ऑर्व्हिल तीस वर्षं त्या खाणीत होते. आता दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. आई कधीच वारली होती. घरात ही दोघंच.

सेंद्रिय रसायनाचा वर्गही मंगळवार-गुरुवारीच असायचा, सकाळी तास आणि दुपारी प्रयोगशाळा, आणि तोही वर्षातून एकदाच. दुसऱ्या वर्षी डीलियाने तो घेतला. सकाळी वडिलांना सेंटरवर सोडायचं, धावत येऊन अर्धा तास पकडायचा आणि दुपारी तीन वाजता प्रयोग अर्धा टाकून त्यांना आणायला पळायचं. तिच्या उकळत्या भांड्याखालची आच कितीदा तरी मीच बंद केलीय. शेवटी तिला सी मिळाला. बाकी सगळीकडे ए आणि मधोमध हा सी.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ती माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. जूनमध्ये मेडिकल कॉलेजांचे अर्ज भरायचे होते आणि त्याआधी एकच सत्र हातात होतं. सल्लागार डॉ. पेनिंग्टन यांनी तिला सांगितलं होतं, सी म्हणजे पास आहे, तो तसाच राहू दे. जैवरसायन घे, त्यात चांगले गुण मिळव, अर्ज पाहणाऱ्याला कळेल की तुला रसायन येतं. जैवरसायनाचे तास सोमवार, बुधवार, शुक्रवार होते. डायलिसिसच्या आड काहीच येत नव्हतं.

इथे मी तोंड घातलं. पेनिंग्टन आदल्याच वर्षी बाहेरून आलेला, आठवड्यात साठ पोरांना दहा-दहा मिनिटं देणारा माणूस. त्याला आमच्या कॉलेजचे नियम काय माहीत, असं मला वाटलं, आणि मी ते वाटण्यावर थांबले नाही. आमच्याकडे माफीचा नियम आहे. विषय पुन्हा घेतला की जुना गुण हिशेबातून जातो आणि नवा धरला जातो. मी डझनभर पोरांचे सी असे गेलेले पाहिले होते.

"पुन्हा घे," मी म्हणाले. "ए काढलास की तो सी पुसला जाईल. मग विचारणारच कोण?"

"पण मंगळवार-गुरुवार डॅडींचे असतात," ती म्हणाली.

मी म्हणाले, चार महिन्यांचा प्रश्न आहे. तुमच्या शेजारचा हर्शेल नेईल की. बापाने तीस वर्षं जमिनीखाली काढली ती काय तू सी घेऊन बसावंस म्हणून? हे मी बोलले. शब्द न् शब्द मला आठवतो आहे आणि आठवला की स्वतःचीच चीड येते.

ती दोन दिवस विचार करत राहिली. ऑर्व्हिलने तर जोर लावूनच पाठवलं तिला. म्हणाला, हर्शेलचा ट्रक आहे, मी काही पाळण्यातला नाही. तिने वर्गात नाव घातलं.

त्या सत्रात डीलिया वेगळीच पोरगी होती. तीनला पळणं नाही, प्रयोग पुरा करून, भांडी धुऊन, पुसून परत द्यायची. फेब्रुवारीच्या परीक्षेत वर्गात पहिली आली. मी तिला माझ्या डब्यातला ॲपल पायचा तुकडा दिला आणि मनातल्या मनात पेनिंग्टनला चार शब्द सुनावले.

तिकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात हर्शेलच्या ट्रकचं इंजिन बसलं. ऑर्व्हिलने त्याला बजावलं, पोरीला कळता कामा नये, ती वर्ग सोडून येईल. मंगळवारी-गुरुवारी सकाळी डीलिया निघाली की ऑर्व्हिल जॅकेट घालून ओसरीवर बसायचा, हर्शेलची वाट बघत असल्यासारखा. ती वळणापलीकडे गेली की जॅकेट काढायचा. शनिवारी मात्र डीलिया त्याला स्वतः सेंटरच्या दारात सोडायची आणि तिथून वृद्धाश्रमात कामाला जायची. म्हणजे तीनाऐवजी आठवड्यातून एकदाच त्याचं रक्त साफ होत होतं. नर्सांनी झापलं, तर म्हणायचा, पोरीला सांगितलंय, पुढच्या आठवड्यापासून येतो. पाय सुजले तेव्हा डीलियाने विचारलं होतं. तो म्हणाला, मीठ जास्त झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी तो खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, रक्तात विष साठलं होतं. सेंटरची तीन पत्रं त्याच्या तंबाखूच्या डब्यात निघाली, न फोडलेली. मयताच्या घरी नेतात तसं भाजलेलं हॅम घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा डीलिया ती पत्रं समोर ठेवून बसली होती. हर्शेल दारातच टोपी चुरगाळत उभा होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही. माझ्याशी मात्र सगळे चांगलं बोलले, आणि ते मला सोसवेना.

तिने परीक्षा दिली. प्रोफेसर पुढे ढकलायला तयार होते, ती नको म्हणाली. ए मिळाला.

जूनमध्ये तिने माझ्या स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवर बसून अर्ज भरला. घरचं इंटरनेट तिने बंद केलं होतं. मी बीकर पुसत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मिस ओपल, हे जरा वाचता का?"

सूचना साधी होती. प्रत्येक विषय जितक्यांदा घेतला तितक्यांदा लिहावा, आणि कॉलेजने माफ केलेला गुणसुद्धा धरला जाईल. आमच्या कॉलेजच्या कागदावर सी पुसलेला होता. अर्ज घेणाऱ्यांच्या कागदावर तो जसाच्या तसा होता, शेजारी ए. दोन्ही मिळून बी. पेनिंग्टनचं खरं होतं. जैवरसायनातल्या ए ने तेवढंच साधलं असतं आणि मंगळवार-गुरुवार मोकळे राहिले असते.

सव्वीस वर्षांत डझनभर सी गेलेले पाहिले, पण त्या पोरांनी पुढे अर्ज भरला तेव्हा काय झालं हे एकदाही विचारलं नव्हतं. बहुतेकांनी अर्ज भरलाच नव्हता. डीलियाने दोन्ही गुण टाइप केले, तपासून पाहिले आणि अर्ज पाठवून दिला.

ऑक्टोबरमध्ये एका कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. मार्चमध्ये पत्र आलं की जागा नाही. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेचा चष्मा परत करायला आली. वृद्धाश्रमात पूर्ण वेळ काम धरते म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं मी म्हणाले नाही. मला ते म्हणायचा हक्क राहिला नव्हता.

मुलाखतीत काय विचारलं, एवढंच मी विचारलं.

"एक बाई होत्या. चांगल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्यांदा सी आणि दुसऱ्यांदा ए, हे कौतुकाचं आहे. दुसऱ्या वेळी तू काय वेगळं केलंस?"

"मग?"

"खरं ते सांगितलं. पहिल्या वेळी मी डॅडींना डायलिसिसला न्यायचे. दुसऱ्या वेळी नाही नेलं."

तिने चष्म्याची काच बाहीने पुसली आणि तो खिडकीच्या फळीवर ठेवला.

"त्यांनी विचारलं, हे ठरवताना कुणी सल्ला दिला होता का."

मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं," डीलिया म्हणाली. "माझं मीच ठरवलं म्हटलं."

एवढं बोलून ती गेली. तिच्या मागे एक पोरगा उभा होता, त्याला अडीचशे मिलीचा फ्लास्क हवा होता. मी त्याला तो काढून दिला.